गाडी दुरुस्त करावी की सोडून द्यावी?

गेल्या जानेवारीत एडिसनजवळ बर्फावरून घसरून आमची ११ वर्षांची टोयोटा दुभाजकावर आदळली. कोणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा. पण एअरबॅग उघडल्या आणि पुढची बाजू पार चेपली. मुलीला जन्मानंतर याच गाडीतून घरी आणले होते. त्यामुळे "काही झाले तरी दुरुस्त करायची" असे मी ठरवून टाकले. सौ. म्हणाली, "आधी हिशेब तर करा!" तो हिशेब आपल्या उपयोगी पडावा म्हणून इथे देत आहे.

दुरुस्तीचा अंदाज ७,४०० डॉलर आणि मोडीची किंमत २,००० डॉलर, म्हणजे एकूण ९,४०० डॉलर झाले. न्यू जर्सीत ही बेरीज गाडीच्या अपघातापूर्वीच्या बाजारभावापेक्षा जास्त झाली, की गाडी 'टोटल' ठरते. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. न्यूयॉर्कमध्ये दुरुस्तीचा खर्च बाजारभावाच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल, तर टेक्साससाठी हा आकडा १०० टक्के आहे.

विमा कंपनीने आमच्या गाडीचा भाव ८,३०० डॉलर धरला होता. तेवढ्याच मैल चाललेल्या, त्याच मॉडेलच्या गाड्यांच्या जाहिराती आणि नव्या टायरांच्या पावत्या मी पाठवल्या. भाव ९,२०० डॉलर झाला. पहिला आकडा निमूटपणे मान्य करू नये, हा पहिला धडा.

आता दोन पर्याय होते. गाडी सोडली तर ५०० डॉलर डिडक्टिबल वजा जाऊन हाती ८,७०० डॉलर. गाडी ठेवली तर मोडीची किंमतही वजा होऊन ६,७०० डॉलर. दुरुस्तीला ७,४०० लागणार, म्हणजे फक्त ७०० डॉलर खिशातून! मला मोह झाला. पण सौ.ने दाखवून दिले, की सोडलेले ८,७०० आणि खिशातले ७०० मिळून आपण ९,४०० डॉलरना अपघातातली गाडी विकत घेत आहोत. तिच्या टायटलवर 'सॅल्व्हेज'चा शिक्का कायमचा राहणार, त्यामुळे विकताना भाव कमी येणार. शिवाय आतली फ्रेम वाकली असेल तर मुलीला त्यात बसवायचे कसे?

गाडी सोडली. यार्डात उभ्या गाडीचे भाडे रोज चढते, म्हणून निर्णय लवकर घ्यावा. गाडीवर कर्ज असेल तर विम्याचे पैसे आधी बँकेला जातात, हेही ध्यानात ठेवावे.

निघताना मुलीची कारसीट तेवढी काढून घेतली. अपघातात सापडलेली म्हणून तीही पुन्हा वापरली नाही.