गिरीश कार्नाड : नाटककार आणि चित्रपट-अभिनेता

उद्दिष्ट : या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस कार्नाडांचे नाट्यलेखन व चित्रपटातील अभिनय यांतील समान सूत्र स्पष्ट करता येईल.

विद्यार्थी मित्रहो, नाटककार चित्रपटात अभिनय करू लागला, की ते केवळ अर्थार्जन असे आपण सहज मानतो. कार्नाडांच्या बाबतीत हे गृहीत तपासून पाहावे लागते.

कार्नाडांचा जन्म १९३८ साली माथेरान येथे झाला. घरची भाषा कोकणी. बालपण शिरसी व धारवाड येथे गेले. नाट्यलेखनासाठी त्यांनी कन्नड भाषा स्वीकारली. ‘तुघलक’ (१९६४) या नाटकातील सुलतान न्यायाचे व समतेचे स्वप्न पाहतो. राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवतो, तांब्याची नाणी काढतो. हेतू उदात्त असले, तरी त्यांची किंमत प्रजेला मोजावी लागते.

आता त्यांच्या भूमिका पाहा. ‘संस्कार’ (१९७०) या चित्रपटाची पटकथा त्यांचीच. त्यात त्यांनी साकारलेले प्राणेशाचार्य शास्त्रपारंगत आहेत. पण एका अंत्यसंस्काराचा निर्णय त्यांना देता येत नाही. ‘निशांत’मधील (१९७५) शिक्षक पळवून नेलेल्या पत्नीसाठी न्याय मागत फिरतो. ‘मंथन’मधील (१९७६) डॉ. राव गावात दुग्ध सहकारी संस्था उभारू पाहतात. परंतु काम अपुरे असतानाच त्यांना गाव सोडावे लागते. ‘उंबरठा’मधील (१९८२) वकील पती विचाराने पुढारलेला आहे, पत्नी स्वतःच्या कामासाठी घराबाहेर पडते, तेव्हा त्याच्या पुरोगामित्वाची मर्यादा उघड होते.

सुशिक्षित माणसाचे चांगले हेतू पुरेसे असतात काय, हा प्रश्न या सर्वांतून पुन्हा पुन्हा समोर येतो. मात्र एक सावधगिरी बाळगावी : ‘निशांत’, ‘मंथन’ व ‘उंबरठा’ यांच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या आहेत. त्यांचे श्रेय कार्नाडांना देता येणार नाही. कार्नाडांचे योगदान अभिनयाचे आहे. अशा माणसाला त्यांनी खलनायक केले नाही आणि निर्दोषही ठरवले नाही. संयत वाणी व आवरलेले हावभाव यांतून त्याची कोंडी दाखवली.

अभिनयामुळे त्यांचे लेखन थांबले नाही. ‘नागमंडल’ (१९८८) व ‘तलेदंड’ (१९९०) ही नाटके त्यानंतरचीच. १९९८ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला. २०१९ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय : ‘उंबरठा’ पाहा. त्यातील पतीच्या जागी आपण असतो, तर कसे वागलो असतो? आपले उत्तर तुघलकाच्या व्यक्तिरेखेशी ताडून १५ ओळींत लिहा.