दस्तावरील साक्ष व नोटरीचा शिक्का

शेतकऱ्याच्या घरांतील पेटींत जे कागद असतात, त्यांचें मोल दागिन्यांहूनहि अधिक असतें. कारण जमिनीचा हक्क त्यांवर अवलंबून असतो. असें असूनहि कोणत्या कागदास कोणाची साक्ष लागते, याविषयीं आपल्यांत मोठा घोंटाळा दिसतो. ‘नोटरी केली म्हणजे जमीन आपली झाली’ ही समजूत तर सर्रास आढळते. ती चुकीची असून घातक आहे. म्हणून या विषयाचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

साक्षीचें महत्त्व आपल्या पूर्वजांस महाग अनुभवानें कळलें. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून जो दंगा पसरला, त्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांजवळील खतांवर होता. पुढें १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें, शेतकऱ्याचें कर्जखत गांवच्या रजिस्ट्रारासमक्ष लिहून साक्षांकित व्हावें, असा निर्बंध घातला. तो कायदा आज नाहीं. परंतु सही होतांना जवळ तटस्थ माणूस असावा, हें त्यांतील तत्त्व आजहि खरें आहे.

नोटरी हा १९५२ च्या नोटरी कायद्याखालीं केंद्र किंवा राज्य सरकारनें नेमलेला, बहुधा अनुभवी वकील असतो. सही करणाराची ओळख पटवून ती सही प्रमाणित करणें, शपथेवर प्रतिज्ञापत्र घेणें, नक्कल मूळ कागदाशीं ताडून पाहणें, हीं त्याचीं कामें होत. आंतील मजकुराच्या खरेपणाची हमी तो देत नाहीं, आणि त्याच्या शिक्क्यानें जमिनीची मालकी बदलत नाहीं.

आतां कोणता कागद कोठें न्यावा, तें पाहूं.

१. खरेदीखत : शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्तानेंच होते. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत दस्त दुय्यम निबंधकाकडे दाखल करावा. नोटरी केलेल्या साठेखतावर ताबा घेऊन स्वस्थ बसणारा मालक होत नाहीं. इतकेंच नव्हे, तर २००१ च्या दुरुस्तीपासून असें साठेखत नोंदलेलें नसल्यास ताब्यास मिळणारें कायद्याचें संरक्षणहि त्यास मागतां येत नाहीं.

२. गहाणखत व बक्षिसपत्र : जमिनीच्या बक्षिसपत्रास, तसेंच शंभर रुपये वा अधिक रकमेच्या गहाणखतास, नोंदणी व निदान दोन साक्षीदार लागतात. केवळ मूळ कागद ठेव म्हणून देऊन केलेलें गहाण याला अपवाद आहे.

३. मृत्युपत्र : हिंदूच्या मृत्युपत्रास १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणें निदान दोन साक्षीदार हवेत. नोंदणी ऐच्छिक असली तरी करणें हिताचें. ज्यांस मिळकत मिळावयाची, त्यांस साक्षीस न घेणें शहाणपणाचें.

४. मुखत्यारपत्र : आपल्या वतीनें दुसऱ्यानें दस्त नोंदणीस दाखल करावा असें असल्यास, देशांत राहणाराचें मुखत्यारपत्र निबंधकासमक्षच व्हावें लागतें. परदेशीं राहणाऱ्या मुलाचें मात्र तेथील नोटरीसमक्ष किंवा भारतीय वकिलातींत झालेलें चालतें.

५. प्रतिज्ञापत्र व खऱ्या नकला : हें नोटरीचें खरें क्षेत्र होय.

नोटरी बहुधा तालुक्याच्या कोर्टाच्या आवारांत भेटतो. त्याच्या वाटोळ्या शिक्क्यावर नांव, कार्यक्षेत्र व नोंदणी क्रमांक असतो. तो वाचावा आणि त्याच्या परवान्याची मुदत चालू आहे कीं नाहीं हें विचारावें. आपल्या कागदाची नोंद त्याच्या वहींत झाली हें पाहून तिचा क्रमांक टिपून घ्यावा, व दिलेल्या पैशांची पावती मागावी. ओळखीचा पुरावा घेऊन स्वतः जावें. सही केलेला कागद दुसऱ्याच्या हातीं धाडून शिक्का आणणें हें साक्षीचें नुसतें सोंग होय. वाद उपस्थित झाल्यास असा शिक्का आपल्यावरच उलटतो.

साक्षीदारहि जाणता, आपल्याहून वयानें लहान व सहज सांपडणारा असावा. कारण वीस वर्षांनीं कोर्टांत उभें राहण्याची पाळी त्यावर येऊं शकते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधींहि देऊं नये, व लिहिलेला मजकूर घरांतील शिकलेल्या मुलामुलींकडून मोठ्यानें वाचवून घेतल्याशिवाय लेखणी उचलूं नये. बांध राखण्यास आपण जितके दक्ष असतो, तितकेच कागद राखण्यास असावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.