बासरी घेताना आधी झिरो एरर बघा!

सुरुवातीलाच एक कबुली. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझं मराठी यथातथाच आहे, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या. पण बासरी शिकू पाहणाऱ्यांचे पैसे आणि कॉन्फिडन्स फुकट जाऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

फर्स्ट इयरला मी जत्रेतून बासरी घेतली. विकणारे काका तिच्यावर सिनेमातलं गाणं इतकं सुरेख वाजवत होते की मी बाकी काही बघितलंच नाही. सहा महिने टेरेसवर रोज रियाज केला. गणपतीत पेटीबरोबर वाजवायला बसले, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "तुला सुराचा कानच नाही," एक सीनियर म्हणाला. मला ते पटलंसुद्धा! बासरी ट्रंकेत गेली.

पुढे आमच्या एका सरांनी (ते स्वतः वाजवतात) ती मागवली आणि ओठ न हलवता सरळ फुंकली. तीच गत! मग त्यांची बासरी माझ्या हातात दिली. माझा आवाज फुसफुसा निघाला, पण सूर पेटीला लागले. सर म्हणाले, "व्हर्नियर हातात घेतल्यावर आधी काय बघतेस?"

झिरो एरर! जत्रेतले काका मुरलेले होते. बासरीची चूक ते ओठांनी सावरत होते. ते नवशिक्याला कुठून जमणार?

कोणती घ्यावी?

वरची तीन भोकं बंद केली की 'सा' वाजतो, आणि त्या 'सा'वरून बासरीला नाव असते. नवशिक्यांना सी मीडियम बरी, म्हणजे पेटीची पांढरी एक. लांबी साधारण १९ इंच. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी ३२ इंची बासरी शास्त्रीय संगीतात आणली. तो गंभीर आवाज ऐकून मोह होतो, पण लांब बासरीत भोकांमधले अंतर वाढते. बोटं न ताणता सगळी भोकं पूर्ण झाकली गेली पाहिजेत. जरा फट राहिली तरी खालचे सूर निघत नाहीत.

कशी तपासावी?

१) उजेडाकडे धरून आत बघा. नळी सरळ आणि गोल हवी. बांबूला बारीक चीर नाही ना, हे दोऱ्याच्या आजूबाजूलाही बघा. फुंकायच्या भोकाची कड स्वच्छ हवी.

२) दोन-तीन मिनिटं फुंकून ती गरम होऊ द्या. आतली हवा १० अंशांनी तापली, तर सूर सुमारे ३० सेंट चढतो. (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात.)

३) सहाही भोकं बंद करून हळू फुंका, मंद्र 'प' येईल. जोरात फुंका, मध्य 'प' येईल. दोन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत.

४) मोबाईलवर ट्यूनर लावा, पण तो मैत्रिणीच्या हातात द्या. काटा दिसला की ओठ आपोआप ॲडजस्ट करतात आणि रीडिंग खोटं येतं! तुम्ही एकसारखं फुंका, तिने आकडे लिहावेत.

५) आता आकडे बघा. सगळेच सूर सारखेच चढे किंवा उतरे असतील, तर तो झिरो एरर. बासरी थोडी आत-बाहेर फिरवली की जातो. पण एखादाच सूर भलतीकडे असेल, तर ते भोकच चुकलेय. नमस्कार करून परत द्या. (शुद्ध 'ग' ट्यूनरवर १४ सेंट उतरा दिसला तर घाबरू नका. नैसर्गिक 'ग' तिथेच असतो.) माझ्या जत्रेतल्या बासरीचा 'ग' चांगला ४० सेंट चढा होता!

६) शक्य असेल तर वाजवता येणाऱ्या कुणाला तरी सोबत न्या आणि त्यांना ओठ न हलवता फुंकायला सांगा. तुम्हा दोघांची चूक एकाच सुरावर आली, तर दोष बासरीचा.

माझं वाजवणं अजून कच्चंच आहे. नव्या बासरीवरही चुका होतात. पण त्या आता माझ्या आहेत, आणि माझ्या चुका रियाजाने जातात. बांबूच्या जात नाहीत. म्हणून कुणी "तुला कान नाही" म्हटलं, तर लगेच ट्रंक उघडू नका. आधी बासरी तपासा!