माद्री खरं बोलली



आजचं वाचन आदिपर्वातलं. पंडूचा मृत्यू आणि त्यानंतर कुंती-माद्रीचं बोलणं. खरं सांगायचं तर हा भाग मी वर्षभर टाळला. रोजच्या क्रमात दोनदा समोर आला आणि दोन्ही वेळा मी गुपचूप पुढच्या अध्यायावर गेलो. आज नाही गेलो.

कथा तुम्हाला माहीत आहे. किंदम ऋषींचा शाप विसरून पंडू माद्रीजवळ जातो आणि मरतो. दोघी राण्या म्हणतात, मी त्याच्याबरोबर जाणार. कुंती थोरली, तिचा हक्क आधी. पण माद्री तिला थांबवते. तिची कारणं दोन-तीन आहेत, मी त्यातल्या एकाच कारणापाशी अडकलो. माद्री म्हणते त्याचा भावार्थ असा: मी मागे राहिले तर तुझ्या मुलांना माझ्या मुलांसारखं वागवणं मला जमणार नाही. तू मात्र माझ्या दोघांना तुझ्यासारखंच सांभाळशील.

किती सरळ बोलली बघा. आपण कोणीच हे तोंडाने म्हणत नाही. नवरा गेलेला, समोर पाच पोरं उभी, आणि ही बाई सांगतेय की माझ्याकडून भेदभाव होईल.

आणि ती हे सांगतेय कोणाला? जिच्याशी तिचं फारसं पटतच नव्हतं तिला. कुंतीने मंत्र दिला तो एकदाच वापरायला. माद्रीने अश्विनीकुमारांना बोलावलं आणि एका मंत्रात जुळी मुलं मिळवली. पंडूने पुन्हा माद्रीसाठी शब्द टाकला तेव्हा कुंतीने साफ नकार दिला. मला फसवलं, असं तिला वाटलं होतं. म्हणजे ज्या बाईवर राग धरला तिचीच दोन मुलं हिच्या पदरात आली.

मागच्या मे महिन्यात माझी ताई गेली. भावोजी चार वर्षांपूर्वीच गेले होते. भाची बारा वर्षांची, भाचा आठचा. जूनमध्ये दोघं साताऱ्याहून पुण्याला आमच्या टू बीएचकेमध्ये आली. आमचा स्वतःचा एक आहे, पाच वर्षांचा. आणि ताई जाण्याआधी वर्षभर माझा तिच्याशी अबोला होता, बाबांच्या जागेवरून. रक्कम आता सांगायलाही लाज वाटते.

तोपर्यंत मी दिवाळीला कुरिअर पाठवणारा मामा होतो. (आपल्या ग्रंथांमध्ये मामा मंडळींचं रेकॉर्ड तसंही बरं नाही. कंस, शकुनी, आणि तिसरा शल्य. हा शल्य माद्रीचा सख्खा भाऊ, म्हणजे नकुल-सहदेवाचा मामा. भाच्यांच्या मदतीला सैन्य घेऊन निघाला, वाटेत दुर्योधनाने छान सरबराई केली आणि गडी खूश होऊन त्याच्याच बाजूला गेला. दुष्ट वगैरे नव्हता. भाच्यांवर प्रेम होतं. फक्त ऐन वेळी दुसरीकडे होता. मला हा शल्य फार ओळखीचा वाटतो.)

कायद्यानेही मामा आपोआप पालक होत नाही, हे मला तेव्हा कळलं. १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे आईवडील. दोघंही नसतील तर १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली कोर्टात अर्ज करावा लागतो. मूल जाणतं असेल तर त्याला कोणाकडे राहायचंय हेही कोर्ट विचारात घेतं. कोर्टाने नेमलेल्या पालकाला मुलांच्या नावावरची जागा परस्पर विकता येत नाही, परवानगी लागते. मला हे वाचून बरं वाटलं. आपल्यावर कोणाची तरी नजर असावी, असं वाटण्याचेच ते दिवस होते.

कारण माझी भीती माद्रीचीच होती. आपल्याकडून भेद होणार. म्हणून मी इंजिनीअर लोक करतात तेच केलं, नियम बनवले. तिघांना सारखा खाऊ, सारखा स्क्रीन टाइम, कपडे एकाच दुकानातून. बायको म्हणाली, "अरे, हे घर आहे, सर्व्हर नाही." मी ऐकलं नाही.

एका शनिवारी भाचा आणि आमचा धाकटा, दोघांनी मिळून माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर सरबत सांडलं. सोमवारी रिलीज होतं. मी पोराला धरून असा ओरडलो की शेजारच्यांनी दार उघडलं. मग भाच्याकडे वळलो आणि म्हणालो, "असू दे बाळा, होतं कधी कधी."

रात्री तो झोपायच्या आधी म्हणाला, "मामा, ग्लास माझ्या हातात होता."

"माहितेय मला."

"मग तू मला का नाही ओरडलास? पाहुण्यांना ओरडत नाहीत म्हणून?"

खाऊ मी ग्रॅमवर मोजला होता, आणि भेद नेमका इथे निघाला. एकाला रागवायचा हक्क मी घेतला होता, दुसऱ्याचा घेतलाच नव्हता. मला वाटत होतं, हा चांगुलपणा आहे. त्याला त्यात दिसत होतं की या घरात माझी बॅग अजून भरलेलीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी सहदेव शोधत बसलो. सभापर्वात पांडव वनवासाला निघतात तेव्हा कुंती द्रौपदीला एका मुलाबद्दल खास सांगते: सहदेवाकडे लक्ष ठेव. सगळ्यात धाकटा, आणि माद्रीचा. पुढे युद्ध संपतं, सगळे म्हातारे होत आलेले. धृतराष्ट्र-गांधारीबरोबर कुंती स्वतः वनात निघते, तेव्हाही ती युधिष्ठिराला बजावते की सहदेवाची हेळसांड करू नकोस. तोवर सहदेवाने शकुनीला मारलेलं आहे, म्हणजे तसा काही लहान राहिला नव्हता! पांडव नंतर तिला भेटायला वनात जातात तेव्हा सगळ्यांच्या आधी धावत सुटतो तो सहदेव, आणि तिच्या पायांवर पडून रडतो.

याला समान वाटप कसं म्हणायचं? कुंतीने पाच सारखे भाग केलेले दिसत नाहीत. तिने एकावर जास्त नजर ठेवली, आयुष्यभर. आणि एवढं करूनही महाभारत त्या दोघांना शेवटपर्यंत माद्रीपुत्र म्हणतं. कुंतीने ते नाव पुसलं नाही. आमच्याकडे एका नातेवाईक काकूंनी पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगितलं, आता मामीलाच आई म्हणायचं. भाची दोन दिवस जेवली नव्हती. ती मामीला मामीच म्हणते, आणि तसंच राहू दे.

काल रात्री तिघांना यक्षाची गोष्ट सांगितली. चार भाऊ तळ्याकाठी मरून पडलेत, यक्ष म्हणतो, एकालाच जिवंत करीन. युधिष्ठिर भीम मागत नाही, अर्जुन मागत नाही. नकुल मागतो. कुंतीचा एक मुलगा मी आहे, माद्रीचाही एक राहू दे.

भाच्याने विचारलं, "आधी पाणी आणायला कोण गेलं होतं?" म्हटलं, नकुल. "मग बरोबर आहे, त्याचा नंबर पहिला." धाकटा झोपलाच होता.

भाची म्हणाली, "पण माद्री तर केव्हाच गेली होती ना?"

"हो. नकुल अगदी लहान होता तेव्हाच."

"मग तिच्यासाठी कशाला मागितला?"

मला पटकन काही सुचलं नाही. तीही उत्तरासाठी थांबली नाही, कूस बदलून पडली. दिवा मालवून मी बराच वेळ तिथेच बसलो होतो.

उद्याचं वाचन: शतशृंगावरचे ऋषी कुंतीला आणि पाच मुलांना घेऊन हस्तिनापुरात येतात, तो भाग.