समुद्रकाठच्या कॉटेजमधील हिवाळा : बुलढाणा जिल्ह्यातून येणाऱ्या नवागतांसाठी मार्गदर्शन

कॅनडाच्या पूर्व टोकावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात, विशेषतः हॅलिफॅक्सच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर आणि केप ब्रेटन बेटावर, उन्हाळी पर्यटकांसाठी बांधलेली कॉटेज, म्हणजे लहान लाकडी घरे, ऑक्टोबरनंतर रिकामी पडतात आणि त्यांपैकी काही मे महिन्यापर्यंत भाड्याने दिली जातात. शहरात परवडेल अशी जागा न मिळाल्याने चिखली, मेहकर, खामगाव किंवा मलकापूरकडील एखाद्या तरुण कुटुंबाला पहिला हिवाळा अशा घरात काढावा लागू शकतो. तेथे पूर्वीपासून स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी लिहून पाठवलेल्या सूचनांचे हे संकलन आहे. पाणी आणि ऊब या विषयांवर भरभरून मजकूर आला. शाळांविषयी कोणीच लिहिले नाही, आणि कपड्यांविषयी आलेली एकमेव सूचना अशी की कोट व बूट भारतातून न आणता तेथेच घ्यावेत.

करारनाम्याची माहिती एका स्थापत्य अभियंत्याने मोजक्या शब्दांत दिली आहे. घर बारमाही वापराचे आहे की केवळ उन्हाळी, हे आधी विचारावे, कारण उन्हाळी घराच्या भिंतींत व जमिनीखाली थंडी अडवणारा थर नसतो आणि नळ गोठतात. अनामत रक्कम एका महिन्याच्या भाड्याच्या निम्म्याहून अधिक घेता येत नाही, असा या प्रांताचा नियम आहे. कराराची अखेरची तारीख नीट वाचावी, कारण पर्यटनाचा हंगाम सुरू होताच घर सोडावे लागते. घरापर्यंतचा रस्ता खासगी असेल, तर त्यावरचा बर्फ सरकारी यंत्र हटवत नाही. नांगर जोडलेली गाडी असलेल्या शेजाऱ्याशी संपूर्ण हंगामाचा व्यवहार पहिल्या बर्फापूर्वीच ठरवावा.

ऊब बहुधा दोन मार्गांनी मिळते : तेलावर चालणारी भट्टी आणि लाकडाची बंद लोखंडी शेगडी. तेलाची टाकी पाव भागावर येईपर्यंत थांबू नये, आणि टाकीच्या तोंडापर्यंतची वाट फावड्याने मोकळी ठेवावी, कारण वाट बंद असेल तर तेलाची गाडी परत जाऊ शकते. लाकूड ‘कॉर्ड’ या मापाने विकले जाते. एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट रचलेले लाकूड. ते मेपल किंवा बर्चचे व चांगले वाळलेले असावे. ओल्या लाकडाच्या धुराने चिमणीत क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर साचतो आणि तोच पुढे पेट घेतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर ठेवावी. गावाकडे थंडीत घमेल्यात निखारे घेऊन खोलीत बसण्याची रीत आहे. ती येथे पूर्णपणे वर्ज्य मानावी, कारण हवाबंद घरात कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साचून झोपेतच मृत्यू येतो. याच कारणासाठी जनरेटरही घराबाहेर, खिडक्यांपासून दूर चालवावा. फोडणीच्या धुराने वाजणारा धूरसूचक काढून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा. देवघरातील समई तेवत ठेवून घराबाहेर पडू नये.

पाण्याच्या बाबतीत बुलढाण्याचा माणूस येथे इतरांपेक्षा तयारीचा ठरायला हवा. कॉटेजला पाणी बहुधा विहिरीतून येते आणि पंप विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली की नळ व शौचालय दोन्ही बंद पडतात. टँकरच्या दिवसांत ड्रम, हंडे आणि कळशा भरून ठेवणाऱ्या घरातील मंडळी परदेशात आल्यावर नेमकी तीच सवय सोडतात, असे एका गृहिणीने लिहिले आहे, आणि तिचे म्हणणे रास्त आहे. सप्टेंबर २०२२ मधील फिओना वादळात या प्रांतातील ४ लाखांहून अधिक वीजग्राहक अंधारात होते. वादळाची सूचना मिळताच न्हाणीचा टब व बादल्या भराव्यात. कडाक्याच्या थंडीत नळ बारीक धारेने चालू ठेवावा, मोरीखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवून आतल्या नळ्यांना घरातील ऊब पोहोचू द्यावी, आणि मुख्य झडप कोठे आहे हे घरातील प्रत्येकाला दाखवून ठेवावे. मैलाटाकीच्या जागेवरून गाडी नेऊ नये. तेथील मोकळा बर्फ पांघरुणासारखा असतो आणि तो दाबला गेला की गोठवणारी थंडी जमिनीत खोल उतरते.

कागदपत्रांविषयी एका महिलेने पाठवलेला मजकूर दीर्घ व संतप्त आहे आणि तो फारसा सौम्य केलेला नाही. तिच्या पारपत्रावर माहेरचे नाव, विवाहाचा जुना दाखला केवळ मराठीत, करार पतीच्या नावे आणि वीजबिल घरमालकाच्या नावे, अशी स्थिती असल्याने एका कार्यालयाने तिला रहिवासाचा पुरावा नाही म्हणून वारंवार परत पाठवले; प्रत्येक खिडकीवर नवा कागद मागण्यात आला आणि त्या प्रत्येक फेरीसाठी बर्फातून दीर्घ प्रवास करावा लागला. तिच्या मते तालुक्याच्या कचेरीत निदान समोरचा माणूस ओळखीचा तरी निघतो. या संतापातून निघणारा उपयुक्त सल्ला असा : दाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर निघण्यापूर्वीच करून घ्यावे आणि करारावर पती-पत्नी दोघांची नावे घालावीत.

संस्कृतीविषयी एका ज्येष्ठ गृहस्थाने उपदेशाच्या सुरात लिहिले आहे. १२ जानेवारीची जिजाऊ जयंती आणि माघ वद्य सप्तमीचा गजानन महाराजांचा प्रकटदिन हे दोन्ही ऐन बर्फात येतात, म्हणून ते टाळू नयेत. रस्ते बंद असतील तर ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचे २१ अध्याय कुटुंबांनी वाटून घेऊन दूरध्वनीवर वाचावेत, आणि मुलांशी घरात वऱ्हाडीतच बोलावे, असा त्यांचा आग्रह आहे. शेवटची अट सर्वांना पेलेल असे नाही. त्यांची दुसरी सूचना मात्र निर्विवाद आहे : शेगडीतील निखारे विझत आले की त्या धगीत रोडगे उत्तम भाजतात, आणि गोवऱ्यांची उणीव फारशी जाणवत नाही.

वाऱ्याला बर्फापेक्षा अधिक भ्यावे. केप ब्रेटनच्या पश्चिम किनाऱ्यावर डोंगरावरून उतरणाऱ्या आग्नेय वाऱ्यांना स्थानिक फ्रेंच भाषक ‘ले सुएत’ म्हणतात, आणि त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे गेल्याची नोंद आहे. फेब्रुवारी २०२४ मधील हिमवृष्टीत याच बेटावरील सिडनी परिसरात स्थानिक आणीबाणी जाहीर करावी लागली होती. रस्त्यांची स्थिती ५११ वर, तातडी नसलेल्या आजाराचा सल्ला ८११ वर आणि तातडीची मदत ९११ वर मिळते. लाटा पाहण्यासाठी ओल्या काळ्या खडकांवर उतरू नये. हिवाळ्यात बुलढाण्याची वेळ येथून साडेनऊ तासांनी पुढे असते, त्यामुळे घरी फोन सकाळी करावा. संध्याकाळी सहाला केलेला फोन तिकडे पहाटे साडेतीनला वाजतो आणि घरचे घाबरून उठतात.