पाणी देणारे आणि पाणी राखणारे

विहीर खणणे हे एका उन्हाळ्याचे काम आहे. विहीर राखणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. ही गोष्ट शेतकऱ्यांस नव्याने सांगावयास नको. मोटेची विहीर असो की पाटाची चारी असो, गाळ काढणारा हात थांबला की पाणी थांबते, हे आपण जाणतो. तथापि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आला म्हणजे आपणांस या साध्या सत्याचा विसर पडतो. शहरातील एखाद्या सेवासंघाची मंडळी गावी येतात, विंधन विहीर खोदून देतात, शाळेत शौचालय बांधून देतात. नारळ फुटतो, भाषणे होतात आणि मंडळी परत जातात. पुढे एखादे वर्षी हापशाचा दांडा हलेनासा होतो आणि आयाबहिणी पूर्वीच्याच ओढ्यातील झऱ्यावर हंडे घेऊन दिसू लागतात. हा दोष देणाऱ्यांचा की घेणाऱ्यांचा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आणि तो कोरडा न राहावा म्हणून गावास उपयोगी पडतील असे काही हिशेबही सोबत देण्याचे योजिले आहे.

सेवासंघ म्हणजे काय?

इ. स. १९०५ साली अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या स्नेह्यांसह एक मंडळ काढले. सभासद आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमत, म्हणून त्यास 'रोटरी' हे नाव पडले. मुंबईस रोटरीची शाखा १९२९ साली निघाली. १९१७ साली त्याच शिकागो शहरात मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने 'लायन्स' संघ उदयास आला. डॉक्टर, वकील, अभियंते, व्यापारी अशी आपापल्या धंद्यात स्थिरावलेली माणसे आपला वेळ, वर्गणी आणि कसब लोककार्यास देतात, हे या संघांचे सर्वसाधारण स्वरूप होय.

रोटरीचे पहिले मोठे लोकोपयोगी काम कोणते होते, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. ते म्हणजे शिकागोच्या नगरसभागृहानजीकचे सार्वजनिक शौचगृह. १९०७ पासून पुढे दोनएक वर्षे हा उद्योग चालला होता. संघाने ते एकट्याने बांधून दान केले नाही. इतर संस्थांस एकत्र आणून नगरप्रशासनाकडे मागणी लावून धरली आणि काम घडवून आणले. ज्याचे काम त्याच्याच हातून करून घेणे, ही सेवेची उत्तम रीत होय. कारण त्यामुळे वास्तू उभी राहते आणि तिचा धनीही ठरतो.

अलीकडे, १९०५ च्या त्या मंडळाचा विस्तार जगभर झाल्यावर, रोटरीने अमेरिकन सरकारच्या विकाससंस्थेबरोबर २००९ साली घाना, फिलिपिन्स व डोमिनिकन प्रजासत्ताक या देशांत पाणी व स्वच्छतेचे काम आरंभिले. डोमिनिकन प्रजासत्ताकात घरोघरी वाळूची गाळणी बसविण्याच्या कामीही रोटरी सभासदांनी हातभार लावला आहे. हे गाळणे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे डेव्हिड मॅन्झ यांनी सिद्ध केले. यात वाळूच्या वरच्या अंगास सूक्ष्म जीवांचा एक थर जमतो व तोच पाण्यातील रोगजंतूंचा नाश करतो. मात्र वाळूवर नेहमी थोडे पाणी उभे राहावे लागते आणि गाळणे नित्य वापरात असावे लागते. कोरडे पडले तर तो थर मरतो. म्हणजे वस्तू दिली तरी तिचा गुण घरच्या बाईच्या हातीच राहिला.

हापशाचा धडा

हा धडा आपणांस परदेशातून आणावयास नको. १९६६ नंतरच्या दुष्काळी वर्षांत खडक फोडणारी यंत्रे आली आणि देशात विंधन विहिरींची संख्या झपाट्याने वाढली. त्यांवर बसविलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराजोगे होते. गावाच्या शेकडो हंड्यांचा भार त्यांस सोसेना. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास पाहणी झाली, तेव्हा यांतील बहुतेक पंप बंद आढळले. पाणी जमिनीत होते, नळी जमिनीत होती, खर्च झालेला होता, आणि माणूस मात्र तहानलेला होता!

यावर तोड निघाली ती आपल्याच मुलखात. जालना येथे मिशनच्या कामकऱ्यांनी बिडाऐवजी पोलादाचा मजबूत पंप बनविला. सोलापुरी त्यात आणखी सुधारणा झाली. या सोलापुरी पंपाच्या आधारे युनिसेफ, सरकार आणि मद्रासचा एक सरकारी कारखाना यांनी मिळून 'इंडिया मार्क दोन' हा हापसा तयार केला, व तो पुढे अनेक देशांत गेला. परंतु त्याची दुरुस्ती करावयाची तर सगळे पाइप वर ओढावे लागत व त्यासाठी तालुक्याहून गाडी आणि पथक यावे लागे. म्हणून पुढे 'मार्क तीन' निघाला. त्याचा पाइप रुंद असल्याने आतील दट्ट्या पाइप न उपसता बाहेर काढता येतो, व गावातील शिकविलेला मनुष्य थोडक्या हत्यारांनी वायसर बदलू शकतो. यंत्राची ही सुधारणा पाण्याची धार मोठी व्हावी म्हणून झाली नाही; दुरुस्ती गावाच्या हाती यावी म्हणून झाली. स्वयंसेवकांनी व गावकऱ्यांनी उभयतांनी मनावर कोरून ठेवावे असे हे मर्म आहे.

देणगी घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

सेवासंघ गावी आला असता ग्रामसभेने पुढील गोष्टींचा खुलासा करून घ्यावा.

पहिली गोष्ट, जागा कोणी ठरविली? राज्याची भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा १९७२ पासून हेच काम करीत आहे. तिचा सल्ला घेतल्याविना खोदकाम करू नये.

दुसरी, पाणी तपासले काय? यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावी खोल पाण्यात फ्लोराइड अधिक आढळते. एका लिटरात दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी भारतीय मानकाप्रमाणे पिण्यास अयोग्य आहे. ते दिसावयास निर्मळ असते, परंतु दात आणि हाडे बिघडविते. क्लोरिन घातल्याने अथवा पाणी उकळल्याने हा दोष जात नाही.

तिसरी, सांडपाणी कोठे जाणार? हापशाभोवती पक्का चौथरा, नाली व शेवटी शोषखड्डा अथवा परसबाग नसेल, तर त्याच डबक्यातील घाण पुन्हा नळीत उतरेल.

चौथी, पाणी कोणाच्या दारी? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे हे सिद्ध करण्यासाठी. आज कायद्याची आडकाठी नाही. परंतु हापसा कोणत्या आळीत बसतो यावरून हक्क पुन्हा हिरावला जाऊ शकतो. सबब जागा ठरविण्याची बैठक पारावर चारचौघांत न उरकता, सर्व वस्त्यांतील लोकांस आणि मुख्यत्वे पाणी वाहणाऱ्या स्त्रियांस बोलावून भरवावी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या नियमांत गावाच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे, ते याच कारणास्तव.

पाचवी, वही कोणाकडे? या प्रश्नावर सर्व अवलंबून आहे. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरात गेली. टंचाईची अनेक प्रकरणे हातांखालून गेली. त्यांवरून ठाम सांगता येते की, ज्या गावी पाणीपट्टीची कीर्द नियमाने लिहिली जाते, त्या गावचा अर्ज क्वचितच येतो. समजा, गावात १०० घरे आहेत व दर घरी महिना ३० रुपये ठरले. तर वर्षास ३६,००० रुपये होतात. प्रत्येकास पावती द्यावी, खर्चाची पावती चिकटवून ठेवावी, आणि दर तिमाहीस जमा, खर्च व शिल्लक चावडीच्या फळ्यावर लिहावी. ज्याचा हिशेब उघडा असतो त्यास वर्गणी मागावयास संकोच वाटत नाही, आणि देणारासही संशय येत नाही.

विहिरीच्या शुद्धीचा हिशेब

उघड्या विहिरीत टीसीएल पावडर टाकण्याचा प्रघात आहे. परंतु ती बहुधा मुठीने टाकली जाते. याचा हिशेब असा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणावे, आणि ४ ने भागावे. हे घनमीटर झाले. दर घनमीटरास, म्हणजे १००० लिटरांस, चांगल्या प्रतीची पावडर २.५ ग्रॅम लागते.

उदाहरणार्थ, व्यास ४ मीटर व पाणी ५ मीटर असल्यास ४ × ४ × ५ × ३.१४ भागिले ४, म्हणजे ६२.८ घनमीटर. त्यास २.५ ने गुणिले असता १५७ ग्रॅम पावडर आली. एका बादलीस १०० ग्रॅमहून अधिक घेऊ नये, सबब येथे दोन बादल्या घ्याव्या. पावडर थोड्या पाण्यात कालवून बादली भरावी, पाच-दहा मिनिटे निवळू द्यावी, वरचे निवळ तेवढे दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावे आणि बादली खालवर करून ढवळावे. तळचा चुना विहिरीत टाकू नये. निदान एक तास पाणी कोणी भरू नये. म्हणून हे काम रात्री करणे सोयीचे. पावडर हवेने व दमटपणाने निःसत्त्व होते, यास्तव पिशवी घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवावी.

शौचालय आणि शेत

पाणी शुद्ध केले पण मैला उघड्यावर राहिला, तर गळक्या कणगीत धान्य भरल्यासारखे होईल. खेड्यांत दोन शोषखड्ड्यांचे शौचालय सर्वांत सोयीचे. एका वेळी एकच खड्डा वापरावा. तो भरला की दुसरा सुरू करावा. पहिला खड्डा दीड ते दोन वर्षे बंद ठेविला म्हणजे आतील मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते, आणि उपसावयास कोणा मनुष्यास हीन काम करावे लागत नाही. दोन खड्ड्यांत एक मीटर अंतर असावे आणि विहिरीपासून खड्डे पंधरा मीटर तरी दूर असावेत. काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तेथे खड्ड्याभोवती वाळू व खडीचा फूटभर जाडीचा थर द्यावा.

सोनखताची थोरवी शेतकऱ्यास सांगावी असे नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून हाच विचार आचरून दाखविला. जे शेतास सोने आहे, तेच ओढ्यात गेले की विष होते.

समारोप

सेवासंघाच्या स्वयंसेवकांचे ऋण लहान नाही. अभियंता आराखडा देतो, डॉक्टर रोगाचे कारण समजावितो, हिशेबनीस वही मांडावयास शिकवितो. पैशापेक्षा हे कसब मोलाचे आहे. म्हणून त्यांनी उद्घाटनानंतरही दोन वर्षे वरचेवर गावी यावे, दोन तरुण व दोन स्त्रियांस दुरुस्ती आणि पाणी-तपासणी शिकवावी, आणि मगच आपले काम संपले असे मानावे. गावानेही त्यांच्याजवळ हापशाबरोबर हत्यारांची पेटी आणि ती वापरण्याची विद्या मागून घ्यावी.

पाणी देणारा पाहुणा आहे. पाणी राखणारा घरधनी आहे. येत्या ग्रामसभेत आपल्या गावची पाण्याची वही मागवावी व शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहावे. ती जुनी निघाली, तर तेथूनच कामास आरंभ करावा, अशी बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.