मोफत व्याख्यानात टीका कशी करावी?

येथे अमेरिकेत गुंतवणूक कंपन्यांच्या मोफत व्याख्यानांना आपली बरीच मंडळी जातात. हॉल त्यांचा, चहाही त्यांचा; म्हणून टीका करूच नये काय? जरूर करावी, पण रीत सांभाळून, असे मी मानतो. बोलावे ते वक्त्यावर नव्हे, योजनेवर; आणि आरोपाऐवजी आकडा मांडावा. उदाहरणार्थ, ‘या फंडाचे विक्रीशुल्क ५.७५ टक्के असेल, तर १०,००० डॉलर्समधून ५७५ आधीच कापले जातील व ९,४२५च गुंतवले जातील, बरोबर ना?’ एवढे विचारून उत्तर पूर्ण ऐकावे. स्वतःच्या खात्याची तक्रार मात्र सभेत न काढता लेखी पाठवावी व प्रत जपावी. निघताना आभार मानावेत; सही मात्र घरी विचार करूनच करावी.